मी विदाचा गुडघा धरून होते

पट्टीला तोंड नसतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय. मला फक्त दोन टोकं होती, त्यातलं एक कात्रीने गेलं. पण अडीच वर्षं मी एका मुलीच्या गुडघ्याला बिलगून काढली आहेत आणि गुडघा माणसासारखं खोटं बोलत नाही. त्याने मला जे सांगितलं, ते आज मी तुम्हाला सांगणार आहे.

मी क्रेप बँडेज. कातडीच्या रंगाची, कडेला निळा दोरा, ताणली की दुप्पट होणारी. लेस्कोवात्सच्या गिरणीत एका सकाळी माझ्यासारख्या कितीतरी जणी यंत्रातून उतरल्या. कुणाच्या नशिबी घोटा आला, कुणाच्या मनगट. माझ्या वाट्याला गुडघा आला, तोही बारा वर्षांच्या मुलीचा.

मला विकत घेतलं स्रेतेनने. पिरोत गावात खिडक्यांना काचा बसवणारा हा माणूस. औषधाच्या दुकानात तो मला बोटांनी ताणून ताणून बघत होता, जणू मी लग्नाला उभी होते. "धुतली तर टिकेल ना?" त्याने विचारलं. दुकानदारीण हसली. आम्ही पिरोतकर चिकट म्हणून देशभर बदनाम आहोत. एकदा वापरून फेकायची वस्तू आमच्याकडे जन्माला येत नाही.

त्याची मुलगी विदोसावा. पणजीचं नाव ठेवलेलं, पण ते उच्चारायला वेळ कुणाला? सगळे विदाच म्हणत. ती धावायला लागली की मैदानाच्या कडेला बसलेले म्हातारे सूर्यफुलाच्या बिया चावायचे थांबत, यात सगळं आलं. फक्त तिच्या उजव्या गुडघ्याखाली एक टेंगूळ आलं होतं आणि ते दुखत होतं.

"वाढीचं वय आहे," तिचे फुटबॉलचे प्रशिक्षक ब्लागोयेकाका म्हणाले. "हाडं लांब होतायत. बांधा आणि पळा."

झालं. मला बांधलं आणि ती पळाली.

ब्लागोयेकाकांबद्दल माझ्या मनात राग आहे, पण खोटं सांगणार नाही. माणूस वाईट नव्हता. दिवसभर पाणीखात्यात नोकरी, संध्याकाळी मुलींचा सराव, शनिवारी गाडी चालवायची, रविवारी मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या. त्याबद्दल दमडी मिळत नव्हती. वाईट माणूस असता तर लोकांनी त्याचं ऐकलं नसतं. तो चांगला होता म्हणूनच सगळे त्याचं ऐकत आणि घोटाळा तिथेच झाला.

मुलांचे संघ आमच्याकडे गल्लोगल्ली. मुलींचे मात्र देशभर मिळून मोजके. त्यामुळे सामना म्हटला की प्रवास. कधी चार तास, कधी साडेपाच. मिनीबस ब्लागोयेकाकांच्याच वयाची. सीटा इतक्या जवळ की तेरा मुलींचे सव्वीस गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले. दोन तास झाले की विदाचा गुडघा माझ्या आत तापायला लागे. तीन तासांनी सुजे. मला जागा पुरत नसे. मग गाडी थांबे, मुली उतरत, पावात गुंडाळलेली चपटी सॉसेज खात आणि पुन्हा तसंच घडी होऊन बसत. पोचल्यावर दहा मिनिटं हातपाय झटकले की झाली तयारी. पंच शिट्टी मारी आणि पाच तास मिटलेले गुडघे एकदम वाऱ्यावर सुटत.

विदाचा गुडघा कुरकुरे. मला ऐकू येई. ज्यांनी ऐकायचं, ते कडेला उभे राहून ओरडत असत, "विदा, परत ये! विदा, पुढे जा!"

घरी उपचार ठरलेला. विदाची आई झागोर्का बेकरीत कामाला. ती कोबीचं मोठं पान पोळपाटावर ठेवून लाटण्याने ठेचायची, त्यावर घरची राकिया शिंपडायची, पान गुडघ्यावर आणि वरून मी. आलुबुखाराच्या त्या दारूने सूज उतरते असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. उतरायचीही, पण सोमवारी उतरलेली सूज शनिवारी पुन्हा चढायची. पान बांधलं की दुसऱ्या दिवशी वर्गात विदाच्या शेजारी कुणी बसायला तयार नसे.

"सार्मा आली, सार्मा आली!" गोलकीपर कोसारा नाक दाबून ओरडे. कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ गुंडाळून केलेली सार्मा आमच्याकडे लग्नात लागते. "अगं, तांदूळ घालायचे राहिले का काकूंचे?"

"तुझ्या तोंडात घालायला ठेवलेत," विदा म्हणे.

दोघी पोट धरून हसत. कोसारा खरं तर तिच्या जिवाची मैत्रीण. मीही हसले असते, पण माझ्या अंगाला वास येत होता आणि आत दुखत होतं.

मग गेल्या सप्टेंबरात, निशमधल्या एका सामन्यात, विदाचा पाय वळला. फार मोठं काही नव्हतं. ती उठली, दोन पावलं टाकली आणि खाली बसली. त्याच शहरात एक डॉक्टरबाई होती. तिने मला सोडवलं, टेबलावर टाकलं, गुडघा दोन्ही हातांत धरून हलकेच पुढे ओढला आणि स्रेतेनकडे बघितलं.

"लिगामेंट अर्धं फाटलंय. तीन महिने खेळ बंद. धावणंसुद्धा नाही. हा पट्टा घालायचा, दिवसभर."

"तीन महिने म्हणजे... साधारण तीन?" स्रेतेनने विचारलं. काचेचं माप विचारावं तसं.

"साधारण नाही. तीन. आज अर्धं शिल्लक आहे. पुढच्या वेळी काही शिल्लक राहणार नाही."

पट्टा म्हणजे काळा, भारदस्त गडी. दोन्ही बाजूंना पोलादी पात्या, मध्ये बिजागरी. तो आला आणि मी खणात गेले, मोजे आणि जुन्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. सुरुवातीला जळफळाट झाला. नंतर विचार केला, बरंच झालं. तो खरंच धरून ठेवतो. मी फक्त धरल्यासारखं करते. तेव्हापर्यंत माझे ताणही गेले होते. इतक्या धुण्यांनंतर काय राहणार?

पाच आठवडे मी त्या खणात होते. बाहेर काय चाललंय ते कानावर येत होतं.

आमच्याकडे प्रत्येक खेळाडूची एक पुस्तिका असते. दर सहा महिन्यांनी डॉक्टरने तपासून तीत शिक्का मारायचा, 'खेळण्यास पात्र'. कायदा चांगला आहे. पण तेरा मुलींना एका दिवशी दवाखान्यात न्यायचं कुणी? म्हणून वर्षानुवर्षं पद्धत पडलेली. ब्लागोयेकाका सगळ्या पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेत, सोबत कॉफीचं पाकीट, आणि तासाभरात पिशवी परत येई. मुली घरी आणि पुस्तिका तपासायला. रोग रेड्याला नि औषध पखालीला. त्या ऑक्टोबरात विदाची पुस्तिकाही त्या पिशवीत होती. वेगळी काढायची कुणाला आठवलं नाही. तिच्यावरही शिक्का पडला.

आणि त्याच आठवड्यात निरोप आला. पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय शिबिरासाठी खेळाडू बघायला राजधानी बेलग्रेडहून एक बाई सुबोतित्साच्या सामन्याला येणार होती. तिने विदाचं नाव घेऊन विचारलं होतं.

स्वयंपाकघरात चौघं बसली. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते.

"दुखतं का?" ब्लागोयेकाकांनी विचारलं.

"नाही," विदा म्हणाली.

"जिना उतरताना?"

"नाही म्हटलं ना काका."

"डॉक्टरबाईंनी तीन महिने सांगितलेत," झागोर्का म्हणाली. "अजून निम्मेही झाले नाहीत. शाळेत हिशोब शिकवला होता ना तुम्हाला?"

"वहिनी, मी जबरदस्ती करत नाहीये. पण ती बाई काय रोज येते पिरोतच्या पोरीला बघायला? आणि हे बघा, शिक्का आहे. डॉक्टरचाच आहे."

आपणच पिशवीतून नेऊन आणलेला शिक्का तो माणूस पुरावा म्हणून दाखवत होता, आणि गंमत म्हणजे त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

मग स्रेतेन म्हणाला, "दुसरा हाफ फक्त. आणि पट्टा घालून. पट्ट्याशिवाय एक पाऊल नाही."

"शपथ?" झागोर्काने विचारलं.

"शपथ," बाप आणि लेक एकदम म्हणाले.

आदल्या दिवशी झागोर्काने पट्ट्याचं आतलं कापड धुतलं आणि तो चुलीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला. पहाटे बेकरीत जाताना तिने नवऱ्याला झोपेत सांगितलं, पट्टा घे. मग मुलीलाही सांगितलं, पट्टा घे. दोघांनी हो म्हटलं. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने घेतला. मी मात्र पिशवीत होते. सवयीने विदाने मला मोज्यांबरोबर आत कोंबलं होतं.

सहा वाजता मिनीबस आली. स्रेतेन दाराजवळच्या सीटवर, विदा त्याच्या मागे. आमची गल्ली म्हणजे चिंचोळी घसरगुंडी, दोन्हीकडे उभ्या गाड्या. खाली निशावा नदीचा पूल. पुलाच्या तोंडाशी विदा एकदम म्हणाली, "बाबा, पट्टा कुठाय?"

"तू घेतलास ना बाळा?"

"मला वाटलं तू घेतलास."

ब्लागोयेकाकांनी ब्रेक दाबला. आरशातून मागे बघितलं. घर दोनशे पावलांवर होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं? गाडी मागे घ्यायची. तुम्ही आमच्यातले नाही म्हणून म्हणाल. सामन्याला निघालेली गाडी रिव्हर्समध्ये टाकायची नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. ब्लागोयेकाका तर वळायची जागा नसेल तर तीन किलोमीटर पुढे जाऊन फेरा मारून येत. एकदा पेट्रोलपंपावर त्यांनी चुकून गाडी हातभर मागे घेतली आणि त्या दिवशी संघाने सहा गोल खाल्ले. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ आहे.

"पुलावरून पुढे जाऊन फिरू या," स्रेतेन म्हणाला.

"पलीकडे रस्ता खणलाय. हमरस्त्यापर्यंत वळता येत नाही. अर्धा तास जाईल. आधीच उशीर झालाय."

"मग मी उतरतो. पळत जाऊन आणतो, पाच मिनिटं."

"स्रेतेन," ब्लागोयेकाका मान न वळवता म्हणाले, "गाडी मागे गेली काय आणि माणूस मागे गेला काय. एकच. तू खेळलायस, तुला मी सांगायला हवं का?"

स्रेतेन खेळला होता. विशीत, गावाच्या संघातून, आणि सामन्याच्या दिवशी डावा मोजा आधी घालायचा. त्याने दार उघडलं होतं. एक पाय बाहेर होता. मागून मुली ओरडायला लागल्या, "नका काका, नका! मागे नका जाऊ!" कोसाराचा आवाज सगळ्यांत मोठा.

"राहू दे बाबा," विदा म्हणाली. "पट्टी आहे ना. घट्ट बांधू."

पिशवीत मी ते ऐकलं. मला तोंड असतं तर त्याच वेळी बोंब मारली असती, की अरे, माझ्यात आता दम नाही! इंजिन सुरूच होतं. स्रेतेन रिकाम्या गल्लीकडे बघत राहिला, मिनिटभर तरी. मग त्याने पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

साडेपाच तास लागले. मैदान गारठून टणक झालं होतं. मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत स्रेतेन विदासमोर गुडघ्यावर बसला आणि मला गुंडाळायला लागला. त्याची बोटं काचेची कडा धरतात तशी जपून चालत होती.

"अजून घट्ट," ती म्हणाली.

"रक्त थांबेल."

"अजून, बाबा."

त्याने मला शक्य तेवढं ताणलं, टोकाला पत्र्याचे दोन आकडे अडकवले आणि वरून मोजा ओढला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा बंदोबस्त! हेच तर माझं काम. मी असले की सगळ्यांना वाटतं, काळजी घेतलीय.

अकरा मिनिटं ती खेळली. मी तिच्याबरोबर अडीच वर्षं धावले, पण अशी धाव बघितली नव्हती. आल्या आल्या तिने एक चेंडू असा पुढे काढून दिला की नुसता पाय लावायचा होता. गोल झाला. बेलग्रेडची बाई कडेला उभी राहून वहीत काहीतरी लिहीत होती.

बाराव्या मिनिटाला विदाने उजवा पाय रोवला आणि अंग डावीकडे वळवलं. तिच्या जवळपास कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. अंग वळलं, पाय गारठलेल्या जमिनीत तसाच राहिला आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. आवाज मी ऐकला. ओल्या काटकीचा होतो तसा. मी धरून होते हो! दोन्ही आकडे जागच्या जागी होते. आत धरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ती ओरडली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांनीही बिया चावायचं थांबवलं. बाकी मी सांगत नाही.

पंधरा मिनिटांनी ती बेलग्रेडची बाई बाकाजवळ आली. तिने पुस्तिका मागितली, शिक्का बघितला, मग विदाचा सुजलेला गुडघा बघितला.

"आधीची दुखापत होती?"

शेवटी कोसाराच रडत म्हणाली, "सप्टेंबरपासून."

"मग मला फोन का नाही केलात?" बाई स्रेतेनला म्हणाली. ती ओरडत नव्हती. "शिबिर एप्रिलमध्ये आहे. मी मार्चमध्ये पुन्हा आले असते. जखमी मुलगी बघायला मी आले नव्हते."

स्रेतेनच्या तोंडून एवढंच निघालं, "विचारता येतं, हे माहीत नव्हतं."

आमचा संघ दोन-एकने जिंकला. पुढच्या सरावाला कुणीतरी रिव्हर्सचा विषय काढला तेव्हा ब्लागोयेकाका म्हणाले म्हणे, "शेवटी जिंकलो ना?" आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. अशा माणसाचं काय करायचं, मला कळत नाही.

इस्पितळात मला सोडवत बसायला वेळ नव्हता. कात्रीने कापली. एक तुकडा तिथेच टोपलीत गेला. मोठा तुकडा स्रेतेनने उचलून खिशात टाकला. चिकटपणा म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

लिगामेंट पूर्ण गेलं होतं, आतली गादीही फाटली होती. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. मांडी मनगटाएवढी झाली. डॉक्टरबाई म्हणाली, चालेल, जिना चढेल, सायकलही चालवेल. फुटबॉलचं विचारलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "ती अजून वाढतेय. मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही." झागोर्काने त्या दिवसापासून नवऱ्याला दोष दिला नाही. ती फक्त घरात कोबी आणत नाही.

आता माझं काम वेगळं आहे. रोज शाळेनंतर विदा स्वयंपाकघराच्या जमिनीवर पाय पसरून बसते. माझा मधला भाग तिच्या तळव्याखाली, दोन्ही टोकं तिच्या हातात. ती मला ओढते आणि टाच इंचाइंचाने मागे सरकते. स्रेतेन शेजारी बसून तिच्या शाळेच्या कोनमापकाने मोजतो. नव्वद अंश व्हायला हवेत. परवा अडुसष्टवर ती थांबली. कपाळ घामाने भिजलं होतं.

"मी उतरायला हवं होतं," स्रेतेन म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"मीच नको म्हटलं होतं बाबा."

"तू चौदा वर्षांची आहेस. तू नकोच म्हणणार. दार माझ्या हातात होतं."

विदाने मला सोडलं नाही. तिला 'असू दे' म्हणता आलं असतं, पण ती म्हणाली नाही. खोटं झालं असतं ते. तिने एक श्वास घेतला आणि पुन्हा ओढलं. एकोणसत्तर. स्रेतेनने आकडा लिहून ठेवला आणि तोंड धुवायला म्हणून उठून गेला.

माझे ताण संपलेत, लवकरच मी विरून जाईन. त्याचं मला काही नाही. पण तुमच्याही घरात माझ्या बहिणी असतील, खणात, खेळाच्या पिशवीत. एखादं पोर म्हणेल, घट्ट बांधा, मला खेळायचंय. तेव्हा शिक्का बघू नका, गाडीला उशीर होतोय का बघू नका. त्याला आधी जिना उतरून दाखवायला सांगा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. मी पट्टी आहे. मला घट्ट बांधलं की मी घट्ट बसते. नाही म्हणणं मला येत नाही. तुम्हाला येतं.